पाणी दिल्यागत वाटंना

मार्चच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी सांगलीत बँकेच्या पायऱ्या उतरत होते. त्याच्या नुसत्या "अक्का" म्हणण्यातच राग होता. खोडव्याच्या, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, रानात कुणीतरी ठिबकच्या नळ्यांची टोकं सोडली होती. एक-दोन नव्हे, चौदा. नळीचं शेवटचं टोक दुमडून त्यावर इंग्रजी आठाच्या आकाराचं प्लास्टिकचं कडं चढवलेलं असतं. ते उपसलं की थेंबाथेंबानं झिरपायचं पाणी भसाभस सरीत पडतं, सगळ्या प्लॉटचा दाब उतरतो आणि वरच्या अंगाचा ऊस तहानलेलाच राहतो. कडी कुणी फेकून दिली नव्हती. प्रत्येक नळीच्या टोकाशी एकेका दगडावर नीट ठेवली होती. हे त्यानं मला सांगितलं, पण नीट ठेवण्याचा अर्थ तेव्हा त्याला लागला नाही आणि मलाही. त्यानं सरळ खालच्या भावकीवर आळ घेतला. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्यांवरून जुनी धुसफूस, त्यात आमच्या ठिबकचं अनुदान उशिरा का होईना जमा झालं आणि त्यांची फाइल कुठल्याशा टेबलावर अडकलेली. तेवढं पुरेसं होतं. संध्याकाळी डेअरीसमोर, दूध घालायला आलेल्या पंधरा-वीस माणसांदेखत, त्यानं चुलतभावाला नको ते ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे भावजयीला आबांच्या, आमच्या वडिलांच्या, चपला दिसल्या. अंगणात काढून ठेवलेल्या, बोटभर चिखलानं माखलेल्या. मार्चात चिखल कुठला? पाऊस नाही, पाट वाहत नाही, आणि ठिबकच्या रानात चिखल होत नाही हेच तर त्याचं कौतुक. तिनं काही न बोलता चपला धुतल्या आणि दुपारी नवऱ्याच्या कानावर घातलं. आबांनी नाकबूल केलं नाही. म्हणाले, "पाणी दिल्यागत वाटंना."

एवढंच.

नळ्या सोडल्या याचं मला फारसं काही वाटलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर खोरं हातात, त्याला वाटणारच. मला खुपलं ते वेगळं. त्या संध्याकाळी डेअरीसमोर आबाही होते. कट्ट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं, पुतण्याचा उतरलेला चेहरा बघितला आणि रिकामी किटली उचलून घरी आले. मला माहीत असलेले आबा असे नाहीत. रविवारी मी गाडी काढली.

तासगावच्या पुढं या दिवसांत रस्त्याला एक वास असतो. बेदाण्याच्या शेडमधल्या हिरव्या जाळ्यांवर सुकत घातलेल्या द्राक्षांचा गोडसर, आंबूस, आणि मध्येच नाकाला झोंबणारा गंधकाच्या धुरीचा. लहानपणी या माळावर ज्वारी आणि करडई दिसायची. आता बागाच बागा, आणि प्रत्येक वेलाच्या बुडाशी काळी नळी. ठिबक या भागाला नवं नाही. द्राक्षवाल्यांनी ते केव्हाच आपलंसं केलंय. उसाला मात्र ते उशिरा आलं. उसाचं आणि पाटपाण्याचं नातं जुनं, आणि खरं सांगायचं तर जरा माजाचं.

खोडव्याच्या रानात गेले. जानेवारीत तोड झालेली, फुटवे गुडघ्याला लागलेले. नळीच्या कडेनं ताटलीएवढे ओले डाग, एकात एक मिसळून झालेला काळसर पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये माती पापडासारखी वाळलेली. वरून भाऊ सांगतोय, "अगं आत ओलं आहे, पाणी खाली कांद्यासारखं पसरतं, वर निमुळतं, पोटात फुगीर." मी बोट खुपसलं. बोटाच्या दुसऱ्या पेराशी गारवा लागला. बरोबर होतं त्याचं. पण डोळे काही ऐकेनात. डोळ्यांना ते रान तहानलेलंच दिसत होतं. आणि बगळे नव्हते. पाटाचं पाणी सरीत शिरलं की बिळांतनं किडे-गांडुळं वर यायची आणि पाण्याच्या तोंडापुढं बगळ्यांची पांढरी रांग चालायची, जणू तेच पाणी ओढत नेतायत. भिजलेल्या मातीचा तो वास, सरी भरत आल्यावर पाण्याचा बदलत जाणारा आवाज, यातलं काहीच नाही. फिल्टरजवळ एक बारीक शीळ, बस्स.

दारं धरणं, पाटाचं पाणी एकेका सरीत वळवत नेणं, म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. आठवडाभर लाइट दिवसा, आठवडाभर रात्री. आणि रात्रीची म्हणजे बारा-साडेबाराला कधीतरी. आई जागी असायची. घरातल्या बल्बच्या उजेडावरून तिला मोटरीची थ्री फेज आलेली कळायची, कशी ते मला आजही माहीत नाही. "उठ गं, लाइट आली," म्हणून ती मला हलवायची, कारण भाऊ लहान होता आणि बॅटरी धरायला कुणीतरी लागायचं. आबा पुढं, खांद्यावर खोरं, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली, मी मागं. जानेवारीतलं पाणी घोट्याला लागलं की हाड दुखायचं. आबा एक दारं मोडायचे, दुसरं बांधायचे. मातीचा एक लपका, वर पायाची टाच. ती टाच मारण्याचा आवाज अंधारात लांबवर जायचा. उसात खसफस झाली की मी बॅटरी तिकडं वळवायची आणि आबा ओरडायचे, "उजेड हितं धर." घोणस निघाली होती एकदा. आबांनी खोऱ्यानं तिला वाट करून दिली आणि पुन्हा सरीकडं वळले, जणू कुणी पाहुणा जाऊन आला.

बारा वर्षांची असेन. मधला बांध सांभाळायला म्हणून मला बसवून आबा वरच्या कोपऱ्यात गेले होते. बांधावर गारठ्यात मी पोतं पांघरलं आणि डोळा लागला. जाग आली ती आरड्यानं. पाट फुटून पाणी खालच्या भावकीच्या हरभऱ्यात शिरलं होतं. घाटे वाळलेले, दोन-चार दिवसांत उपटणी होणार, आणि त्यात वीतभर पाणी. चुलते कंदील घेऊन आले, तोंडाला येईल ते बोलले. मी बॅटरी धरून उभी. आबा म्हणाले, "माझाच डोळा लागला." चुलत्यांनी मग त्यांना आणखी बोलून घेतलं. आबांनी मला त्याबद्दल तेव्हा काही विचारलं नाही, नंतरही नाही. सुगीला त्यांनी दोन पोती हरभरा चुलत्यांच्या सोप्यात नेऊन टाकला, हे मला आईकडून कळलं.

दुपारी जेवणं झाल्यावर भावानं मागच्या वर्षाचं कॅलेंडर खाली काढलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मला हिशेब दाखवायला बसला. बँकेत कर्जाची प्रकरणं बघून बघून मलाही आकड्यांची खोड आहे. एक एकरात एक इंच पाणी उभं करायचं म्हणजे सुमारे एक लाख लिटर. पाटानं भिजवताना एका पाळीला तीन इंच तरी जातंच, म्हणजे तीन लाख लिटर. आमच्या विहिरीतलं पाणी वरच्या रानात चढवायचं तर घर्षण धरून साधारण तीस मीटरची उचल. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला किती वीज लागते हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. खेड्यातल्या पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली तर एकराच्या एका भिजवणीला साठेक युनिट. पाच अश्वशक्तीच्या मोटरीचे बारा तास. आठ तासांची लाइट धरली तर दीड रात्र, एका एकराला. हे गणित मला नळीच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा खरं वाटलं, कारण ती दीड रात्र मी बघितलेली आहे.

आता ठिबक. भाऊ म्हणाला, चाळीस टक्के पाणी वाचतं धर. म्हणजे तीन लाखांच्या जागी एक लाख ऐंशी हजार. पण ठिबकला नुसतं पाणी चढवून भागत नाही, दाब लागतो. नळीच्या तोंडाशी एक किलोचा दाब म्हणजेच दहा मीटरची जादा उचल, वर वाळूचा फिल्टर, जाळीचा फिल्टर, खत पाण्यात ओढून घेणारी व्हेंचुरी, यांत आणखी सात-आठ-दहा मीटर जातात. उचल तिसाची पन्नास झाली. पुन्हा मांडलं. साठेक युनिट! आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. पाणी चाळीस टक्के कमी, वीज तेवढीच. त्यानं पेन्सिल घेऊन पुन्हा केलं, तेच. मग त्याच्या मेव्हण्याची, जतकडची, बोअर घेतली. एकशेवीस मीटरवरून उचल. तिथं पाटानं पाजायचं म्हटलं तर एकराला दोनशे पंचेचाळीस युनिट, ठिबकनं एकशे बहात्तर. तिथं वाचली, चांगली वाचली. म्हणजे ठिबक वीज वाचवतं हे वाक्य विहिरीच्या खोलीवर अवलंबून आहे. जिथं पाणी खोल, तिथं वाचलेला प्रत्येक लिटर भारी. जिथं पाणी वरच आहे, तिथं दाब वाचवलेलं खाऊन टाकतो. नदीकाठच्या माणसानं विजेसाठी म्हणून ठिबक करायचं तर आधी कॅलेंडरची मागची बाजू वापरावी.

आणि रुपयांत? तिथं तर आणखी गंमत. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली. वाचलेल्या युनिटचे पैसे भावाच्या खिशात येतच नाहीत, वाया गेलेल्याचे जातही नाहीत. त्याचा फायदा दुसरीकडनं येतो, आणि तो खरा आहे, मी नाकारत नाही. युरियाचं पोतं सरीत फेकून अर्धं पाण्याबरोबर खाली घालवण्याऐवजी चमच्या-चमच्यानं मुळाशी जातं. दोन ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यात तण माजत नाही, एक खुरपणी वाचली. दारं धरायला रात्रीचा गडी मिळत नाही. मिळाला तर त्याच्या हजेरीबरोबर बाटलीचाही खर्च. खोडव्याचं वजन वाढलं, कारखान्याची पावती आहे. खर्चाच्या बाजूला विद्राव्य खतांचे भाव आहेत, नळ्या कुरतडणारे उंदीर आणि खारी आहेत, तोडीच्या आधी सगळ्या नळ्या गुंडाळायच्या आणि तोड झाल्यावर पुन्हा पसरायच्या ही कटकट आहे, कोयत्यानं कापलेल्या नळीचे जोड आहेत. तरी शेवटी जमेची बाजू जड राहते. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्स्फॉर्मर, मात्र जळायची ती जळतेच. सगळ्यांच्या मोटरीच्या पेट्यांना ऑटो स्विच बसवलेत, लाइट आली की गावच्या सगळ्या मोटरी एका सेकंदाला उठतात, व्होल्टेज कोसळतं, आणि महिन्याला एखादी तरी जळालेली मोटर भरायला तालुक्याला जाते. ठिबकला यावर काही इलाज नाही.

तीन लाख लिटर म्हटलं की मला मिरज स्टेशन आठवतं. एप्रिल २०१६ मध्ये तिथून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाणी सुमारे पाच लाख लिटर. टीव्हीवर हार घातलेलं इंजिन दाखवत होते आणि आम्ही कृष्णाकाठचे लोक छाती फुगवून बघत होतो. ते पाच लाख लिटर म्हणजे आमच्याकडच्या पावणेदोन एकर उसाची एक पाळीही नाही. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. आणि जिथं पाणी भरपूर, तिथल्या गोष्टीही काही बऱ्या नाहीत. माझी मावशी वाळव्याकडं नदीकाठी दिलेली. तिच्या सासरची आठ एकर काळी जमीन मी लहानपणी बघितली ती अशी की ऊस घरावरून दिसायचा. पाणी हाताशी, म्हणून पाजत राहिले, पाजत राहिले. काळ्या मातीला निचरा नाही, खालची पातळी वर आली, पाणी उडून गेलं आणि क्षार मागं राहिले. आता त्यातल्या तीन एकरांवर उन्हाळ्यात मीठ सांडल्यासारखी पांढरी फूट येते. जमिनीखाली भोकांच्या नळ्या पुरून ते पाणी ओढ्याला काढायचा खर्च मावसभाऊ सोसतोय. पाणी आत सोडायलाही नळी, बाहेर काढायलाही नळी.

इकडं माळाला हे दुखणं नाही. इकडं आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं १९९३ पासून पाणी परिषदा भरत आल्या, तेव्हा कुठं टेंभू उपसा योजनेचं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत या बाजूला आलं. ते पाणी चढवायच्या विजेचं बिल कुणी भरायचं यावर किती वर्षं गेली. शेवटी ८१ टक्के सरकारचे आणि १९ शेतकऱ्याचे असं ठरलं. इतक्या उंचावर आणलेलं पाणी सरीत मोकळं सोडायचं, हे मला तरी आता बघवत नाही. म्हणजे मी आबांच्या बाजूची नाही. हे लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर कुणाला वाटायचं अक्का जुन्या दिवसांचे उसासे टाकतेय. त्या रात्री परत याव्यात असं मला अजिबात वाटत नाही. आईची निम्मी झोप मोटरीच्या त्या पेटीनं खाल्ली.

पण बोलता बोलता भाऊ एक गोष्ट सहज सांगून गेला. ठिबक झाल्यापासून पाणी उरतं म्हणून गेल्या वर्षी त्यानं वरच्या खडकाळ तुकड्यात पाऊण एकर द्राक्ष धरली. खालच्या भावकीनं त्यांच्या खर्चानं अर्धा एकर ठिबक केलं होतं, त्यांनी हळद वाढवली. म्हणजे वाचलेलं पाणी विहिरीत राहिलंच नाही. त्याहून मला दुसरं जाणवलं. पूर्वी मोटर माणसाबरोबर चालायची. आबांना ताप आला, कुणाकडं लग्न निघालं, गडी पिऊन झोपला, थंडीनं अंग मोडलं, की त्या रात्री मोटर बंद. विहीर त्या रात्री भरायची. आता मोबाइलवर वेळ लावलेली, लाइट आली की मोटर आपसूक उठते, एक वॉल्व्ह मिटतो, दुसरा उघडतो, आणि लाइट जाईपर्यंत थांबत नाही. आमच्या झोपेचा विहिरीला केवढा आधार होता! हे मी बोलले नाही. भाऊ पहिल्यांदाच सलग सात तास झोपायला लागलाय, त्याला काय सांगायचं.

त्या रात्री मी तिथंच राहिले. बाहेर सोप्यात झोपले. बारा वाजून गेल्यावर कधीतरी, कुणी न हलवता, जाग आली. लांबून विहिरीवरून बारीक घरघर यायला लागली होती. आबा खाटेवर उठून बसलेले, पाय खाली सोडून, चपलांवर ठेवलेले. घालायच्या की नाही ते ठरत नसल्यासारखे.

"झोपा की आता," मी म्हणाले.

"मोटर जड चाललीया."

मी ऐकलं. मला नेहमीसारखीच वाटली. म्हटलं, काही बिघडलं तर त्याच्या मोबाइलवर मेसेज येतो. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बराच वेळ ऐकत बसले. मग मी विचारलंच. त्या दिवशी डेअरीसमोर का बोलला नाहीत?

"काय सांगू? पाणी चोरलं म्हणू, का रान भिजवलं म्हणू?" थोड्या वेळानं म्हणाले, "ल्योक चारचौघांत बोलून बसला व्हता. त्येचं तोंड कुठं घालू?"

हरभऱ्याची रात्र माझ्या ओठांवर आली होती. मी पांघरूण वर ओढलं.

सकाळी भावानं आबांच्या समाधानासाठी फिल्टर उघडला. जाळी आरशासारखी स्वच्छ. दाबाचा काटा जागेवर. त्यानं माझ्याकडं बघून भुवई उडवली. आबा म्हणाले, "दोरी टाक." विहिरीच्या काठाला खुंटीवर दगड बांधलेली सुतळी असते, परसापरसाला, म्हणजे पुरुषभर उंचीला, गाठ मारलेली. नऊ परसांची विहीर. अलीकडं ती सुतळी कुणी सोडतच नव्हतं, कोळिष्टकं धरली होती. भावानं ती सोडली. होळीच्या आसपास पाणी पाचव्या गाठीला लागायचं, आमच्या आठवणीतल्या बहुतेक वर्षी. पाचवी गेली, सहावी गेली. सातवी गाठ त्याच्या मुठीत आली तेव्हा खाली दगड पाण्यावर वाजला.

आबांनी सुतळी गुंडाळून खुंटीला अडकवली, टोपी झटकली आणि खालच्या अंगाला चालायला लागले. भावानं विचारलं, "कुणीकडं?"

"सांगून येतो. इहीर त्यांचीबी हाय."

बांधावरून जाताना ते एकदा वाकले. आदल्या दिवशी भावानं पुन्हा चढवलेलं एक कडं त्यांनी दाबून बघितलं, घट्ट आहे का ते. मग हरभऱ्याच्या त्या रानातून, जिथं आता हळद काढून झाली आहे, ते पलीकडं गेले. भावजयीनं चहा ठेवला. चहा निवला तरी ते परत आले नव्हते.